पश्चात असा परिवार

माणूस गेला हे डॉक्टर सांगतात, पण आण्णांनी वाचल्याशिवाय कोल्हापूरकर ते खरं धरत नाहीत, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा असली तरी तीत तथ्य होतं. रोज सकाळी सातच्या सुमारास उचगावातल्या एका लहान घरातून जोतीराम चव्हाण, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, जिल्ह्यात काल कोण कोण गेलं ते वाचून दाखवत. दहा-बारा मिनिटांचं काम. मागं संगीत नाही, समोर चेहरा नाही, ‘नमस्कार मित्रांनो’ नाही. नुसता आवाज. कोडोलीची म्हातारी तांदूळ निवडता निवडता तो ऐकायची आणि दुबईत गाडी चालवणारा कागलचा पोरगाही ऐकायचा.

आण्णा मूळचे कोडोलीचेच. मॅट्रिक झाल्यावर कोल्हापुरातल्या एका सायंदैनिकात प्रुफं तपासायला लागले आणि तिथंच निधन वार्तांच्या टेबलावर जे बसले ते उठलेच नाहीत. त्या टेबलावर बसायला दुसरं कोणी तयार नसायचं. तरण्या वार्ताहरांना आमदार पाहिजे असायचा, नाहीतर मर्डर. मेलेल्या माणसाच्या चार ओळींत कसली आलीय शान? पण अंक हातात पडला की लोक आधी तेच पान उघडायचे. कुणाच्या दारात जायचंय आणि कधी जायचंय, हे कळल्याशिवाय आपल्याकडं माणसाला चहा गोड लागत नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. फोन आला की नाव, वय, गल्ली, पश्चात कोण कोण, रक्षाविसर्जन कधी. सगळं उतरून घेऊन पुन्हा वाचून दाखवायचं. आणि गेलेली बाई असली तर शेवटी एक प्रश्न हमखास विचारायचा, “माहेर कुठलं?” टेबलावर नव्यानं आलेल्या पोरांना ते बजावत, की बाईची बातमी दोन गावांची असते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्यांच्या तोंडातच राहतं. सासरच्या नावावरून तिच्या गावाला कसं कळणार, की आपलीच पोरगी गेली? तेव्हा माहेर विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

कोरोनात सायंदैनिक बंद पडलं. मालकानं सगळ्यांचे हात जोडून आभार मानले आणि शटर ओढलं. आण्णा घरी बसले, पण लोकांचे फोन काही थांबेनात. त्या दिवसांत माणसंही भराभर जात होती आणि कुणाला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. आमचे दाजी गेले, तेवढं घाला की, म्हणून लोक गयावया करत. आता घालायचं कुठं? पेपरच नाही. तेव्हा मोबाइलच्या दुकानात काम करणारा त्यांचा मुलगा राजवीर म्हणाला, की तुम्ही नुसतं बोला, मी ग्रुपवर टाकतो. आण्णा बोलले. ग्रुपवरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, मग राजवीरनं चॅनल काढलं, मग पॉडकास्ट म्हणून ते आणखी कुठं कुठं जाऊन बसलं. पॉडकास्ट म्हणजे काय हे आण्णांनी एकदाच विचारलं. रेडिओच, पण आपल्या घरचा, असं राजवीरनं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि विषय संपला.

तोवर सगळ्या शहरालाच हा नाद लागला होता. ज्याच्या हातात मोबाइल तो संपादक. गॅरेजात दोन खुर्च्या, एक प्लॅस्टिकचं झाड आणि भिंतीला निळा दिवा लावला की झाला स्टुडिओ. मग मिसळवाल्याला बसवून दोन तास विचारायचं, तुमच्या संघर्षाबद्दल काय सांगाल? बिचारा सांगणार काय, कांदा महाग झाला म्हणून सांगायचा. या सगळ्या गलक्यात आण्णांचा आवाज वेगळा पडला, कारण त्यांना स्वतःबद्दल काही सांगायचंच नव्हतं. राजवीरला एकदा हौस आली आणि त्यानं मागं बासरीचे दुःखी सूर लावून ऐकवले. आण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मयताच्या घरात बासरी वाजवतंय का कोण?” सूर काढून टाकले गेले.

त्यांचा एकच नियम होता. घरच्यांनी सांगितलं तेवढंच वाचायचं. वरून हा नियम साधा दिसतो, पण ‘त्यांच्या पश्चात’ या दोन शब्दांवरून किती घरांत रणं माजतात हे आण्णांइतकं कुणी पाहिलं नसेल. धाकट्या भावाचं नाव घालायचं नाही, कारण वाटणीत बिघडलंय. दुसऱ्या बायकोचं घालायचं नाही, कारण पहिलीची पोरं तयार नाहीत. आणि मनासारखं लग्न करून गेलेली लेक तर बापाच्या परिवारातून अशी गळायची, की जणू जन्मलीच नव्हती. एकदा अशीच एक लेक फोनवर रडली, आण्णा, मी पण त्यांचीच की, म्हणाली. आण्णांनी तिला शांतपणे सांगितलं, की घरच्यांनी दोन मुलगे सांगितलेत, मी न्यायाधीश नाही. ही गोष्ट ते पुढं मोठ्या ताठ्यानं सांगत. त्यात ताठ्यानं सांगण्यासारखं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

कारण तशी एक लेक त्यांच्याही घरात होती. अनुजा, राजवीरच्या पाठची नव्हे, थोरली. बापाचा आवाज तिनं उचलला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करायची तेव्हा मागच्या रांगेतलं पोरसुद्धा गप्प बसायचं. लहानपणी सुट्टीत बापाच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून प्रुफं मोठ्यानं वाचायची आणि नातवंडं-पतवंडं म्हणताना जीभ अडखळली की दोघं मिळून हसायची. आण्णांचा जीव होता तिच्यावर. पेपर बंद पडायच्या आधी दोन-एक वर्षं तिनं घरात सांगितलं, की जयसिंगपूरचा एक मुलगा आहे, सनी म्हणतात त्याला, खतांचं दुकान आहे, जैन आहेत. आण्णांनी पुढचं ऐकलंच नाही. आपली मराठ्याची पोरगी आणि भावकीत तोंड काय दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं. अनुजानं सांगलीला जाऊन लग्न केलं. त्या संध्याकाळी आण्णांनी घरात जाहीर केलं, की या घरात तिचं नाव निघणार नाही.

आणि निघालं नाही. शालूबाई, त्यांची बायको, एकदोनदा ताटावर विषय काढू गेली, की मुलाचं खरं नाव अमुक, घर असं असं. आण्णा घास टाकून उठले. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही. त्यामुळं जावई म्हणून ‘सनी’ आणि गाव म्हणून ‘जयसिंगपूर’, याच्यापलीकडं आण्णांना काही कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. आण्णांनी ‘माहेर कुठलं’ विचारणं सोडलं. तो प्रश्न ओठांवर आला की त्यांना आपलंच घर आठवायचं. मग तो प्रश्न आधी कधीमधी राहू लागला आणि नंतर कायमचाच राहिला. चॅनल वाढल्यावर तर फोन करणारं कुणी उरलंच नाही. लोक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवत, राजवीर तो ओळीनं लावून मोठ्या अक्षरांत पुढं ठेवी आणि आण्णा वाचत.

पण जयसिंगपूरचा मजकूर आला की त्यांची नजर आधी नावावर जायची. अनुजा नाही ना, एवढं बघायची आणि मग पुढं सरकायची. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लेकीला तोडलेला बाप तिच्या मरणाची अशी रोज झडती घेत होता आणि ती सापडली नाही म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होता. याला तोडणं म्हणायचं असेल तर म्हणा.

शालूबाई दुपारी आण्णा लवंडले की घरामागच्या परड्यात जाऊन लेकीला फोन करायची. तिला सगळं ठाऊक होतं; बापापुढं तोंडून निसटायला नको म्हणून राजवीरच्या कानावर मात्र तिनं यातलं काही घातलं नव्हतं. जावई पोरगा सालस आहे. सासू, चंदना, आधी घुश्श्यात होती, मग तिनंच पुढाकार घेऊन घरी रीतसर विधी केले आणि सुनेचं नाव बदललं. नात झाली, ती आता चार वर्षांची आहे आणि नाक बापाचं असलं तरी कपाळ आपल्या अनुजाचं आहे. अलीकडं अनुजाचा आवाज ओढल्यासारखा यायचा. रक्त कमी आहे, औषध चालू आहे, असं ती सांगायची. शालूबाई येते म्हणाली की दिवाळी होऊ दे म्हणायची. म्हणून शालूबाईनं दसऱ्याच्या जेवणावर धीर करून आण्णांना विचारलं, की यंदा दिवाळीला पोरीला बोलवू का. आण्णांनी मान खाली घालून भाकरी कुस्करली. या खेपेला घास टाकून उठले नाहीत. शालूबाईनं दुसऱ्या दिवशी परड्यात जाऊन लेकीला हे सांगितलं आणि दोघी मायलेकी फोनवर नुसत्या रडल्या.

दिवाळी पंधरवड्यावर आली होती. त्या सकाळी राजवीरनं नेहमीसारखा आपला मोबाइल पहाटे मजकूर लावून होताच विमानाच्या खुणेवर टाकला आणि मग आण्णांपुढं ठेवला, म्हणजे मध्येच कुणाचा फोन वाजून रेकॉर्डिंग बिघडायला नको. मजकूर समोर लावलेला होता. त्यात जयसिंगपूरचा एक होता, कुण्या श्रेणिक पाटलानं रात्री उशिरा पाठवलेला. आण्णांची नजर सवयीनं नावावर गेली. ऐश्वर्या जिनेंद्र पाटील. अनुजा नव्हती. छातीवरचा भार उतरला, त्यांनी घोटभर चहा घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

“जयसिंगपूर येथील सौ. ऐश्वर्या जिनेंद्र पाटील, वय बत्तीस, यांचे आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी, सासू-सासरे असा परिवार आहे. अंत्यसंस्कार आज सकाळी आठ वाजता.”

वय लहान असलं की आण्णा आवाज किंचित खाली आणत, तसा त्यांनी आणला. ‘एक मुलगी’ म्हटल्यावर जरासे थांबले. लोकांना त्यांचं हे थांबणं फार आवडायचं. मग पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, आणि राजवीरनं घरच्या वायफायवरून ते सगळं जगाला पाठवून दिलं.

शालूबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. नवऱ्याचं वाचन ती रोज ऐकायची, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून. खरं तर तिला आण्णांचा आवाज आवडायचा, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आण्णा दारातल्या खुर्चीवर येऊन बसले होते. आतून त्यांचाच आवाज त्यांना ऐकू येत होता, जयसिंगपूर येथील, म्हणून. मग भाकरी थापल्याचा आवाज थांबला. तव्यावरची करपायला लागली तरी कुणी उलटेना, म्हणून आण्णांनी वळून पाहिलं. शालूबाई पिठाचे हात तसेच वर धरून उभी होती.

“त्ये आपली अनुजा हाय,” ती म्हणाली.

आण्णांना कळेना. “ऐश्वर्या म्हणलोय मी.”

“सासूनं बदललं की नाव. तांदळात लिवून. मी सांगाय आलतो, तवा तुमी ताटावरनं उठलासा.”

आण्णा उठले नाहीत. ज्या लग्नाला त्यांनी लग्न मानलं नव्हतं, त्या लग्नातही तांदळाचं ताट असेल, अंगठी असेल, कुणीतरी लेकीला नवं नाव दिलं असेल, हे साऱ्या जिल्ह्याच्या लेकीबाळींची माहेरं विचारत आलेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एक प्रश्न विचारला असता तर त्या श्रेणिकनं उत्तर दिलं असतं. उचगाव, म्हणाला असता.

राजवीरनं मोबाइलची विमानाची खूण काढली आणि मेसेजवर मेसेज येऊन पडले. आईला एकदम कसं सांगायचं म्हणून जिनेंद्रनं पहाटेपासून राजवीरलाच नऊ-दहा वेळा फोन लावला होता. एकही लागला नव्हता. तिकडं चॅनलवर हात जोडल्याच्या खुणा भराभर वाढत होत्या. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, आण्णा काय आवाज आहे तुमचा. राजवीरनं रडत विचारलं, काढून टाकू का सगळं? आण्णा म्हणाले, “आता काडून काय हुणार? गाडी काड.”

निघताना राजवीरनं जिनेंद्रला उलटा फोन लावून पाहिला, पण तिकडं आता उचलणारं कुणी नव्हतं. हातकणंगल्याच्या पुढं गुऱ्हाळाला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेक ट्रॅक्टर ओलांडताना राजवीर हॉर्न दाबून धरायचा आणि शालूबाई खिडकीतून पदर तोंडात धरून रस्ता बघायची. आठ कधीच वाजून गेले होते. वेळ आण्णांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली होती, शंका घ्यायला जागाच नव्हती.

ते पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतून अंगणात हातपाय धूत होती. जैनांत मयत फार वेळ ठेवत नाहीत, आणि माहेरचं कुणी येईल याची वाट तरी किती बघणार? दारात चंदनानं शालूबाईला पाहिलं. दोघींनी एकमेकींना आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळख विचारावी लागली नाही. चंदनानं तिला धरून आत नेलं आणि लगेच आतून शालूबाईचा हंबरडा ऐकू आला. तो ऐकून बाहेरची पुरुष माणसंसुद्धा डोळे पुसू लागली.

आण्णा पुढच्या सोप्यात, ओसरीवर, भिंतीला टेकून बसले. ओल्या कपड्यातला एक तरुण त्यांच्यासमोर येऊन वाकला आणि पाया पडला. हा सनी, म्हणजेच जिनेंद्र. आण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याला जे विचारायला नको होतं तेच विचारलं, की आमचं नाव का घातलं नाही.

जिनेंद्रनं सांगितलं, की दोन वर्षं रक्ताचा कॅन्सर होता, आईला सांगायचं नाही म्हणून तिनं शपथ घातली होती. तुमचं वाचन ती रोज ऐकायची, दवाखान्यातसुद्धा, कानाला लावून. बघा आमचे आण्णा कसे शांत वाचतात, म्हणून नर्सला ऐकवायची.

“शेवटी शेवटी मला म्हणाली, माहेर घालू नका,” जिनेंद्र म्हणाला. “आण्णांना ते वाचणं पण अवघड, गाळणं पण अवघड. म्हणून न्हाय घातलं, मामा. श्रेणिक माझा चुलतभाऊ, त्याला ह्यातलं कायच ठाव न्हाय. मी सांगिटलं तेवढंच त्यानं धाडलं.”

घरच्यांनी सांगितलं तेवढंच. आण्णांना वाटलं, आपल्याला आता कुणी हात धरून इथून बाहेर काढलं तर बरं. मरताना लेकीनं बापाची अडचण ओळखली होती आणि त्याला अवघड जाऊ नये म्हणून स्वतःला त्याच्या घरातून स्वतःच काढून घेतलं होतं. जे काम बापानं सात वर्षांपूर्वी रागानं केलं, ते तिनं मायेनं पुरं केलं.

तेवढ्यात शेजारच्या घरी नेऊन ठेवलेली पोरगी कुणाच्या तरी हातातून सुटून उंबऱ्यात आली. एवढी माणसं बघून बिचकली. केस विस्कटलेले होते, सकाळपासून कुणी वेणी घातली नव्हती. कपाळ खरंच अनुजाचं होतं. आण्णांनी तिच्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि एवढंच म्हणाले, “हिकडं ये की बाळा.”

पोरगी थबकली. हा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. पण आवाज रोजचा होता, सकाळी वेणी घालताना आई तोच लावून ठेवायची. पोरगी न लाजता चालत आली, आण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि या आवाजाला जे विचारायचं असतं ते तिनं विचारलं.

“आज कोण गेलं?”

जिनेंद्रनं तोंड फिरवलं. आण्णांनी तिला जवळ ओढलं. त्यांचा तो जिल्ह्याला माहीत असलेला आवाज फुटला आणि त्यातून कसेबसे शब्द आले.

“माझी लेक गेली बाळा. माझी लेक.”

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला लेक म्हटलं होतं, आणि त्यांचा शब्दन् शब्द कान लावून ऐकणारी ती मात्र त्या घरात नव्हती.